सदऱ्याची पाठ लांबत गेली

मी उलटा जन्मलो, म्हणजे पाय आधी. मपली माय सांगायची, बोरीतल्या आमच्या घराच्या मागल्या खोलीत सुईणीनं पाय बघितले अन् म्हणली, बाई, ह्यो तर चालतच यायलाय. डोकं मागून आलं, अन् काय सांगू तुमाला, ते त्या दिवसापासून मागंच राहिलं. बायको आजबी म्हणते, तुमचे पाय पुढं आले, अक्कल अजून रस्त्यातच हाय. तर असा मी पायाळू. आता पायाळूचं महत्त्व तुमाला ठाऊक नसंल म्हणून सांगतो. आमच्याकडं पाठीत उसण भरली, चमक निघाली, माणूस वाकडा होऊन बसला, की त्यानं पायाळूकडं जायचं, पाठ करून बसायचं अन् पायाळूनं पाठीला पाय लावायचा. पाय लावायचा म्हणजे लाथच मारायची, मी उगी सभ्य बोलायलोय. पायाळूला एक भ्या पण असतं, आभाळ गरजलं की माय मला हाताला धरून घरात ओढायची, पायाळूवर वीज पडती म्हणून. वीज काही पडली न्हाई. जे यायचं होतं ते दुसऱ्याच वाटेनं, आवाज न करता यायलं होतं, अन् आमी सगळे आभाळाकडं बघत बसलो होतो.

आमचं दुकान बाजारगल्लीत, घराच्याच पुढच्या अंगाला. शिवणकाम बापाचं, तेच मपलं. सकाळी फळ्या काढायच्या आधी कुणी ना कुणी ओट्यावर उगवतीकडं तोंड करून बसलेलं असायचंच. पैसा घ्यायचा न्हाई, घेतला तर गुण जातो. चहानं गुण जात न्हाई, हे मीच ठरवलं. सरपंचाला लाथ मारली, हेडमास्तरला मारली, किराणावाल्याला तर दर पोळ्याला, कारण तो बैलाच्या खुरांना रंग लावायला वाकायचा अन् तसाच राहायचा. अख्ख्या जिंतूर तालुक्यात सरपंचाला लाथ घालून वर त्याच्याकडून हात जोडून घेणारा टेलर मी एकटा. तोंडावर दिगू टेलर म्हणायचे, पाठीमागं लाथ्या टेलर. मला राग यायचा सोडून मान वाटायचा.

एकदा बँकेत नवे साहेब आले, तरणे होते, सदऱ्याचं माप द्यायला आलते. मी म्हणलं, पाठ करा साहेब. खांदा मापायचा होता मला. त्यांनी पाठ केली, कंबरेवर हात ठेवला अन् हुश्श केलं. झालं. तेवढं हुश्श कानावर आलं अन् मपला पाय उठला, मी उचलला न्हाई, त्योच उठला, साहेब थेट मशीनवर. उठून म्हणले, हे काय? मी म्हणलं, ह्याचे पैसे न्हाईत साहेब. ते परत आले न्हाईत, माप पण तसंच अर्धं राहिलं. हसू नका, मी हे उगी सांगायलो न्हाई. अंगाला एकदा वळण पडलं की अंग आपल्याला विचारत न्हाई. हे मला त्याच दिवशी कळायला पाहिजे होतं, पण डोकं मागून येतं असं सांगितलंच की.

आता बापाचं सांगतो. बाप मपला वाकत गेला. एका दिवसात न्हाई, भिंत पोखरत जावी तसा. मी लहान होतो तवा तो मला खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचा, मी मिसरूड फुटायच्या वयाचा झालो तवा त्याची मान छातीला लागायला आली होती, अन् त्याला समोरचं माणूस दिसायचं न्हाई, माणसाचे पाय दिसायचे. दुकानात कुणी आलं की बाप चपलांकडं बघून बोलायचा, या पाटील, बसा गुरुजी, अन् लोकांना त्याचं लय कवतिक. शेवटी शेवटी जेवायला बसला की ताटाशिवाय काही दिसायचं न्हाई. म्हणायचा, दिग्या, मपलं आभाळ गेलं रे. आमी म्हणायचो, मशीनीनं पाठ खाल्ली, शिंप्याच्या नशिबी हेच. मी लाथा मारल्या त्याला, लय मारल्या. गुण आला न्हाई. तो म्हणायचा, घरच्याची लाथ लागू पडत न्हाई.

तो गेला तवा तिरडीवर सपाट झोपंना. पाठ टेकवली की डोकं वर, डोकं टेकवलं की पाय वर. भावकीतल्या माणसांनी खाली गोधडी सारली, मग दुसरी सारली, तरी मान अधांतरीच, उठून बसायच्या बेतात असल्यासारखी. एकजण मपल्या कानाशी म्हणला, दिग्या, बाप तुझ्याकडंच बघायलाय बघ. मी हसलो. मयतीत हसलेला पोरगा म्हणून मला आजबी बोलतात. पण ते हसू कशाचं होतं ते मलाच ठाऊक, कारण त्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना मला कूस वळता आली नव्हती.

हां, तवापासूनच. तरणा होतो. सकाळी जाग यायची अन् कंबरेपासून खांद्यापर्यंत कुणी ओलं सिमेंट ओतून गेल्यासारखं. पडूनच राहावं वाटायचं, पण पडून राहिलं की जास्त. उठून कळशी-दोन कळशी पाणी शेंदलं, हिकडंतिकडं फिरलं की सुटायचं, दुपारपर्यंत मी घोडा. आता तुमीच सांगा, काम केल्यावर जे बरं होतं त्याला कुणी आजार म्हणंल का? मी बाजेला दोष दिला, मग उशीला दिला, मग वाऱ्याला दिला. बायको नवीन होती तवा तिलाबी दिला, ती म्हणली, मला माहेरी धाडा अन् बघा बरं वाटतंय का. धाडली. न्हाई वाटलं. वर स्वयंपाक करावा लागला.

अन् मग मी ते केलं जे टेलरशिवाय कुणालाच जमलं नसतं. वाकलेल्या माणसाचा सदरा कसा बेततात ठाऊक हाय का? सरळ माणसाच्या मापानं शिवला तर मागून वर उचलला जातो अन् पुढून गुडघ्याकडं लोंबतो, बघणाऱ्याला लांबूनच कळतं. म्हणून पाठीचा तुकडा जास्त धरायचा, पुढचा कमी, गळा थोडा पुढं घ्यायचा. मग सदरा असा बसतो की वाक झाकून जातो. बापाचे सदरे मी तसेच शिवायचो. अन् एका दिवाळीला मपला सदरा मागून उचलला जायलाय असं दिसलं, तर मी काय करावं? दवाखाना? छे. पाठीचा तुकडा एक बोट वाढवला. पुढं दोन बोटं. कात्री चालवताना शीळ घालायचो. गावात कुणाला कळलं न्हाई, आरशात मला कळलं न्हाई, अन् खरं सांगतो, इतकं सुबक काम मी सबंध जिंदगीत दुसऱ्या कुणाचं केलं न्हाई.

पण सदरा झाकतो तेवढंच झाकतो. एक दिवस एसटीचा बोर्ड वाचायला मला गुडघे वाकवून मागं कलावं लागलं. एक दिवस रस्ता वलांडताना मान वळली न्हाई, ट्रॅक्टर इतक्या जवळून गेला की उसाचं पाचट तोंडाला लागलं, डायवर म्हणला, म्हाताऱ्या मरायचंय का. म्हातारा? मी मागं बघितलं कुणाला म्हणतोय ते. म्हणजे बघता आलं न्हाई, सगळा गरकन फिरलो. अन् मग तो दिवस आला. मी बटनाचं काज करायलतो, ओट्यावर कुणी चढलं, अन् मी मान वर न करता म्हणलं, या गुरुजी, बसा. गुरुजीच होते. मपल्या हातातली सुई तशीच राहिली. मी चपला वळखल्या होत्या.

तवा मी घाबरलो. घाबरलेला पायाळू कुठं जाणार? मपला पाय मपल्या पाठीला लागत न्हाई, मी लय प्रयत्न करून बघितला, त्यात मांडीत गोळा आला त्यो वेगळाच. म्हणून दुसरा पायाळू हुडकला. पेडगावला एक गयाबाई हाय असं कळलं, चांगली दणकट, शेळ्या राखणारी. एसटीनं गेलो. ती मला बघून म्हणली, काय होतंय भाऊ? मी सांगितलं. ती म्हणली, तूबी पायाळू? मग मी न्हाई मारत. दोन पायाळूंनी एकमेकांना पाय लावू नये, काय उलटंपालटं होईल सांगता येत न्हाई. मी म्हणलं, आक्का, बोरीहून आलोय. ती म्हणली, मग चहा पिऊन जा. मी हट्टाला पेटलो. शेवटी तिनं हळूच पाय लावला. मी म्हणलं, हे काय, शेळीला हाकलायलीस का? लाव जोरात, मी रोज लावतो. तिनं लावली.

आवाज आला. कट्. वाळलेली तुरकाठी गुडघ्यावर मोडावी तसा. अन् त्यानंतर मला काही सांगता येत न्हाई, मातीची चव आठवते. पाय होते, पण मपले नव्हते, दोन पोती ठेवल्यागत. गयाबाई शेळ्या सोडून बोंबलायली, मेला गं बाई मेला. मी तिला म्हणलं, मेलो न्हाई, आवाज बारीक कर. ह्यापलीकडं मला श्वास पुरंना. कांद्याच्या टेम्पोत घालून मला परभणीला आणलं, अन् सबंध रस्ता मी टेम्पोच्या वरच्या आभाळाकडं बघत होतो, कारण कितीतरी वर्षांनी उताणा पडलो होतो अन् आभाळ दिसायलतं. कांद्याच्या पोत्यानं मान मागून उचलून धरली होती, म्हणून. मला तिरडीवरच्या गोधड्या आठवल्या.

संध्याकाळपर्यंत पायात मुंग्या आल्या, मग पाय आले. डॉक्टरांनी फोटो काढला, भिंतीवरच्या लायटीला लावला. म्हणले, हे मणके बघा, एकमेकांना चिकटत चाललेत, कळकाच्या काठीसारखं अखंड होत चाललंय. असली पाठ वाकत न्हाई, मोडते. ह्याच्यावर लाथ मारणारा मूर्ख कोण? मी म्हणलं, मारणारी हुशार होती साहेब, मूर्ख बसलेला होता. ते हसले न्हाईत. म्हणले, हाड मोडलं न्हाई हे नशीब, आणखी थोडी जोरात बसली असती तर कंबरेखालचं काहीच राहिलं नसतं. घरात कुणाला होतं का असं? मी बापाचं सांगितलं. डॉक्टर म्हणले, मशीनीचा दोष न्हाई, हा रक्तातून येणारा आजार हाय, वाकून बसल्यानं त्याला वाट मिळते एवढंच. जे चिकटलं ते सुटणार न्हाई, जे राहिलंय ते वाचवायचं. गोळ्या हाईत अन् कवायत हाय, दोन्ही कायमचं. तोवर मला रक्तातून फक्त जमीन येते असं वाटायचं, तीबी आमच्या वाट्याला आली न्हाई.

मग वरच्या मजल्यावर फिजिओवाल्या मॅडमकडं धाडलं. काय सांगू तुमाला, मला वाटलं तिथं यंत्रं असतील. एक मोठी खोली, चार खुर्च्या, चटया अन् भिंत. तिथं एक आजी खुर्चीवरून उठायला शिकायलती. मॅडम म्हणायच्या, आजी, नाक आधी पायाच्या बोटांवर आणा, मग उठा, हातानं ओढू नका. आजी म्हणायची, बाई, चार लेकरं काढली, मला उठायला शिकवायलीस? अन् उठायची, अन् स्वतःच चकित व्हायची. मानवतची कापूस वेचणारी एक बाई होती, तिला कंबरेतून नव्हं, खुब्यातून वाकायला शिकवायलते. शाळेतली एक पोरगी दप्तर एकाच खांद्यावर घेऊन तिरकी झालेली. एक कॉलेजचा पोरगा मोबाइलात बघून बघून मान पुढं आलेला, त्याची मान बघून मी म्हणलं, बाळा, मपल्या बापाला इतकं यायला चाळीस वर्षं लागली. कुणालाच त्या बाई मोठं काही सांगत नव्हत्या. बसता कसे, उठता कसे, वळता कसे, एवढंच, पण ते मोडून नवं घालायला माणूस रडकुंडीला यायचा.

मला म्हणल्या, दादा, भिंतीला टाच लावा, ढुंगण लावा, पाठ लावा, आता डोकं लावा. डोकं लागंना. भिंत अन् डोकं ह्यांच्यात मपली अख्खी मूठ जायची. मी हुशारी केली, हनुवटी वर केली अन् डोकं टेकवलं. त्या म्हणल्या, छताला काय चिकटलंय? हनुवटी खाली. मग म्हणल्या, टेप आणा, छाती मापते. टेप मपल्या गळ्यात होतीच, त्याबिगर मी बाहेर पडत न्हाई. त्यांनी छातीभोवती लावली, म्हणल्या, घ्या श्वास. आता जिंदगीभर मी लोकांच्या छातीला टेप लावली, श्वास घ्या म्हणलं की टेप बोटातून सरकते, लहान लेकराच्या पण सरकते. मी श्वास घेतला, पोट फुगलं, डोळे वटारले, अन् टेप गप्प. टेलरला टेपेचं समजावून सांगायची गरज नव्हती. आत छातीचा पिंजरा बंद व्हायला लागला होता.

त्या दिवसापासून मी उभं राहायला शिकायलोय. साठीकडं झुकलेला माणूस, नातवंडांच्या वयाचं काम. उशी गेली. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हातावर रेटून उठायचं. सकाळ-संध्याकाळ पालथं पडायचं, जमिनीवर, चांगलं दम लागेपर्यंत नव्हं तर कंटाळा येईपर्यंत. थोडा वेळ शिवायचं अन् उठायचं, गिऱ्हाईक असलं तरी. मॅडम मशीन उंच करा म्हणल्या तर मी खाली विटा लावल्या, अन् दोन दिवस कळंना की अजून अवघड काहून जायलंय. मशीनीसंगट पायडलबी वर गेलं होतं, गुडघे कानाला लागायलते. बायको म्हणली, टेलर का बेडूक? मग विटा काढल्या अन् मशीनीचा पाट तेवढा मपल्याकडं तिरका केला. त्यानं जमलं. लाथा बंद केल्या. लोक अजून यायचे, मी म्हणायचो, भिंतीला उभे राहा. किराणावाला चिडला, म्हणला, दिगू, लाथ मारायची तर मार, भाषण नको, भाषणाला सरपंच हाय.

भिंत अन् डोकं ह्यांच्यातली मूठ हळूहळू दोन बोटांवर आली. एसटीचा बोर्ड दिसायला लागला. मला वाटलं, चला, हे मपल्यापाशीच थांबलं.

मपली पोरगी अश्विनी, एकच लेकरू. पोलीस भरतीची तयारी करायलीय, रोज पहाटं जिंतूर रस्त्याला धावती. मागल्या खेपेला तिला उंचीत काढलं. केसभर कमी भरली. ती रडत आली, अप्पा, त्या बाईनं पट्टी डोक्यावर दाबली. मी त्या बाईला इथं ओट्यावर बसून लय शिव्या घातल्या. तर ह्या उन्हाळ्यात मावशीच्या पोरीचं लगन निघालं अन् अश्विनी म्हणली, अप्पा, मला ड्रेस शिवा. मी टेप लावली. गळ्यापासून कंबरेपर्यंत मागून मापलं. तिच्या जुन्या मापापेक्षा बोटभर जास्त आलं. मला वाटलं, टेप सरकली. परत लावली. तेवढंच. अंगाला थंडी वाजायली, मे महिन्यात. मी म्हणलं, अश्वी, श्वास घे. घेतला. परत घे बरं. ती म्हणली, घेतला की अप्पा, टेप जुनी झालीय तुमची. टेप हलली होती, पण जितकी हलायला पाहिजे तितकी न्हाई. लोकांच्या पोरींच्या छातीला टेप लावून मी म्हातारा झालो, मला ते कळायला दुसरा श्वास लागला न्हाई. मी विचारलं, सकाळी उठताना पाठ धरते का गं? ती ड्रेसच्या कापडाकडं बघायली. म्हणली, धावलं की सुटते.

धावलं की सुटते. मपलेच शब्द, मपल्याच घरात.

दुसऱ्या दिवशी मी फळ्या काढायला गेलो तर ती ओट्यावर बसलेली, धावायचे बूट घालून, उगवतीकडं तोंड, मपल्याकडं पाठ. म्हणली, अप्पा, पाय लावा एकदा. भरती होऊ द्या, मग तुमी म्हणाल त्या दवाखान्यात येते. आता कागदावर आजार आला तर मला कुणी मैदानात उभं करणार न्हाई. मी काही बोलायच्या आधीच, काय सांगू तुमाला, मपला पाय उठला. त्या बँकेच्या साहेबावर उठला होता तसाच. इतक्या सवयी मोडल्या, ही एक राहिली होती. पाय हवेत, पोरीची पाठ समोर, पातळ टी-शर्टाखालचे मणके दिसायलते, अन् मपल्या कानात तुरकाठीचा आवाज. बायको दारातून वरडली, अहो. पाय खाली टेकवायला मला जितका जोर लागला तितका जिंदगीत कुणाला मारायला लागला न्हाई. अश्विनी मागं वळून बघून म्हणली, सगळ्या गावाला मारल्या, लेकीला न्हाई? मी म्हणलं, उठ. ती म्हणली, न्हाई. मी तिच्याशेजारी बसलो अन् म्हणलं, मागल्या खेपेला पट्टी कुणी दाबली न्हाई, अश्वी. तुझी उंची घरातच कमी झाली.

ती बुटाच्या नाड्या सोडायला लागली. मग तिची माय बोलली. परभणीला कुणी वळखीचं भेटलं तर? पोरीच्या पाठीचं गावभर झालं तर तिला कोण करून घेईल? मी म्हणलं, मपल्या बापाची पाठ गावभर होतीच की, तरी तू आलीस ना? ती म्हणली, मला कुणी सांगितलं होतं? मी काढलेल्या फळ्या परत लावल्या अन् अश्विनीला घेऊन परभणीची एसटी धरली.

तपासण्या झाल्या. तेच निघालं. पण डॉक्टर म्हणले, हिचं अजून काही चिकटलं न्हाई, ही लवकर आली. कमी-जास्त होईल, पण कवायत न सोडता केली तर ही सरळ राहू शकते. शकते म्हणले, राहील म्हणले न्हाईत, मी दोनदा विचारलं. मॅडमनी तिचं धावणं बंद केलं न्हाई, फक्त पायाकडं बघून धावायची ती समोर बघायला लावलं, झोपायचं बदललं, अभ्यासाला मांडीवर पुस्तक घेऊन बसायची ते मोडलं. सुरुवातीला ती मपल्यावर असली चिडायची, म्हणायची, अप्पा, तुमी मला वारसा म्हणून दुसरं काही देऊ शकला नसता का? मी म्हणायचो, मशीन हाय की, घे. पण पालथी पडायची. मी एका चटईवर, ती दुसऱ्या.

परवा परभणीला भरतीचं मैदान झालं तिचं. मी फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभा, भिंत नव्हती म्हणून लिंबाला टाच, पाठ, डोकं लावून, लोकांना वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली, एका बाईनं पाणी आणून दिलं. अश्विनी बाहेर आली. तोंडावरून काहीच कळंना. जवळ येऊन म्हणली, उंची बसली अप्पा. केसभर. मी म्हणलं, वर का खाली? ती म्हणली, वर. अन् मग आमी दोघं रस्त्यात उभे राहून हसलो, पण लय वेळ न्हाई. कारण पुढं मेडिकल हाय. तिथं फोटो काढतील, विचारतील. तिनं सांगायचं ठरवलंय, गोळ्या, कागद, सगळं घेऊन जायचं. घेतील का न्हाई कुणाला ठाऊक. मला त्याचंही भ्या वाटत न्हाई इतकं. भ्या वाटतं ते मॅडम मागं एकदा हळूच बोलल्या त्याचं. म्हणल्या, दादा, ह्या आजाराला घाई नसते. तो फक्त तुमाला कंटाळा यायची वाट बघत बसतो.

मैदानाच्या दिवशी घरी आलो, तिची माय ओवाळायला ताट घेऊन दारात, शेजारच्या बाया आल्यात, अन् अश्विनी बूट न काढता आत जाऊन चटईवर पालथी पडली, म्हणली, माझी वेळ झालीय. मीबी शेजारी पडलो. बाया बाहेर ताटकळत. जमिनीचा गारवा गालाला लागायलता, तिचा श्वास ऐकू यायलता, मी ऐकत राहिलो कितपत आत जातोय ते. मी म्हणलं, अश्वी, कंटाळा आला का गं? ती म्हणली, लय आलाय अप्पा. अन् तशीच पडून राहिली. देवाजवळ आता मी नोकरी मागत न्हाई, नवरा मागत न्हाई. कंटाळा येऊनबी तिनं असंच पडून राहावं, मी असताना अन् मी गेल्यावर, एवढंच मागतो.